आढीवरचा फोटो

बकुळा : ते मागाहून सांगा. आधी हे सांगा, भागोजीच्या आंब्याच्या आढीवर माझं तोंड कशाला टांगलंय?

गंगाराम : कुठल्या भागोजीच्या?

बकुळा : किती भागोजी फोटू घेतात तुमच्याकडनं? बांगडे द्यायला गेले, तर समोर मीच! एका हातात सुरमई, दुसऱ्यात कोयती, आणि तोंड ह्ये एवढं उघडं. त्याची बायको म्हणते, टांगल्यापासनं पोरांनी आढीला हात लावला नाय.

गंगाराम : म्हणजे उपयोगाला आला की.

बकुळा : हसू नका! काढलात कधी?

गंगाराम : मी बाजारातून बंदराचा फोटो घेत होतो. तेवढ्यात एक कारकून तुझ्या सुरमईला शिळी म्हणाला आणि तू मध्ये उभी राहिलीस. पण नवल सांगू? एवढी ओरडलीस, पण जरासुद्धा हलली नाहीस. असं गिऱ्हाईक मला मुंबईच्या स्टुडिओत मिळालं नाही कधी.

बकुळा : मी गिऱ्हाईक? तुम्ही समुद्राचे फोटू विकणार होता ना?

गंगाराम : गेलो होतो विकायला. भिवा म्हणाला, "समुद्र माझ्या दारात हाय, आणि तो हलतो पण." महिपतला किल्ला दाखवला. तो म्हणाला, "रोज बकऱ्या घेऊन चढतो, आता घरातपण चढू?" सगळा हिवाळा गेला, एक कापी खपली नाही. मग एकदा गठ्ठ्यातून तुझा फोटो खाली पडला.

बकुळा : आणि?

गंगाराम : उचलणारा पोट धरून हसला आणि घेऊन गेला. मागून त्याचा भाऊ आला. मग हातखंब्याचा चहावाला. मग लांज्याचे दोघे.

बकुळा : मी लांज्याला पोचले? अहो, मी लांजा अजून बघितला पण नाय!

गंगाराम : लोकांनी कौतुकानंच घेतला गो.

बकुळा : कौतुक! कापी काढता ती मूळची काच कुठाय? आणा इकडे. फोडते.

गंगाराम : फोड. पण मग मला सोमवारच्या बोटीनं मुंबई गाठायला हवी. जुना मालक कामावर घेईल.

बकुळा : भीती घालताय मला?

गंगाराम : नाही गो. तिथं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बायकापोरांचे फोटो धुतले मी. तुझं तोंड बघायचं तर डोळे मिटायला लागायचे. म्हणून तर फोटोची पेटी घेऊन घरी आलो.

बकुळा : गोड बोलू नका. राग उतरतो माझा.

तुळसा : बकुळावैनी, हायस का घरात?

बकुळा : ये तुळसा, शेजारीण म्हणून तूच सांग. ह्यांनी काय केलं ठाव हाय?

तुळसा : हातखंब्याला बघितला मी फोटू. म्हणूनच तर आले. दादा, माझा पण तसाच काढा.

गंगाराम : तसाच म्हणजे?

तुळसा : ओरडताना. आमच्या ह्यांना धाडायचाय मुंबईला. दोन शिमगे झाले, घराकडं फिरकले नायत.

बकुळा : पत्र घाल की.

तुळसा : पत्र मास्तर लिहितो. मी शिव्या सांगते, तो "सप्रेम नमस्कार" लिहितो.

बकुळा : मेला तो मास्तर! अहो, बसलात काय? पेटी काढा, अंगणात मांडा. तुळसा, ही कोयती धर.

गंगाराम : पण तुला काच फोडायची होती ना?

बकुळा : ते मग बघू. आणि यापुढं कापी मी विकणार, टोपलीशेजारी मांडून. गिऱ्हाईक नको म्हणालं की तुम्ही "बरं" म्हणता. असा धंदा होतो?

(अंगणात. गंगाराम काळ्या फडक्याखाली.)

गंगाराम : तुळसा, या भिंगाकडे बघ.

तुळसा : हितनंच बघणार ते मला?

गंगाराम : हो, इथूनच.

बकुळा : मंग दाखव त्याला! शिमग्याची पालखी दारात आली, आणि ओटी भरायला तू एकटी. आठव!

तुळसा : आठवतंय ना.

बकुळा : मंग ओरड!

तुळसा : थांबा, दादा. वैनी, ही कोयती घे.

बकुळा : का गो?

तुळसा : पदर नीट हाय ना माझा?