गोमेसीखालचा खटका

नको, नको, खुर्ची सरकवू नका माझ्याकडे! मघापासून तिघींनी सरकवली. "बसा ना नाबाटांझी, बसा ना..." अहो, बसायला मला आवडत नाही का? उभा जन्म बसण्यातच गेला माझा! लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय लुळे पडले, तेव्हापासून शिवणयंत्रापुढे बसलेय, हातानं फिरवायच्या तीनचाकीत बसलेय, चर्चमध्ये तुम्ही सगळे उभे राहून "देवा, नाबाटांझीला उभी कर" म्हणून गळा काढायचात तेव्हाही मी आपली बसलेलीच! पण आता... तुम्हाला सांगते, उभं राहणं सोपं आहे हो, बसणं महाकठीण!

आणि हे खूळ कुणाचं? माझंच! लुबोवानं मागणी घातली, त्याची आजी मला बघायला आली. आपल्याकडे बाई गुडघे टेकल्याशिवाय वडीलधाऱ्यांना "बरे आहात ना" विचारत नाही, आणि ही त्याची जाजा, आजी हो, त्या बाबतीत भलतीच कडक. आता मी कुठले गुडघे टेकणार! तिनं मला तीनचाकीत बघितलं, वरून खाली बघितलं, आणि म्हणाली, "ही तर आधीच खाली आहे. देवानंच टेकवलीय. चालेल." झालं! विषय संपला! गप्प बसून लग्न करून घ्यायला काय झालं होतं मला? पण नाही. मला उंची दाखवायची होती!

मग काय, इस्पितळामागच्या कार्यशाळेत गेले, सेम्पाकडे, तो लुळ्या पायांसाठी कॅलिपर बनवतो ना, तोच. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट, काखेत कुबड्या, आणि मी उभी! अहो, काय सांगू... रडले मी. दाराच्या चौकटीवर किती धूळ असते ते दिसलं, आणि आमच्या सेंगाला, माझ्या आत्याला हो, टाळूवर टक्कल पडलंय तेही दिसलं! इतकी वर्षं त्या बाईला मी खालूनच बघत होते!

सेम्पा बिचारा कानीकपाळी ओरडत होता, "बाई, उभं राहिलं की गुडघ्याचा खटका आपोआप पडतो. पण बसायच्या आधी तो हातानं वर ओढायचा. दोन्ही पायांचा. करून दाखवा." मी म्हटलं, "हो रे, कळलं रे!" घरी सराव केला तोही आखूड स्कर्टमध्ये, खाटेला टेकून. स्कर्ट वर, खटका वर, बाई खाली. त्यात काय एवढं?

आणि मग मुलाकडची मंडळी रीतसर मागणीला घरी येणार, त्या क्वांजुलासाठी मी पायघोळ गोमेसी शिवली. अख्ख्या मसाक्याच्या बायकांना मी सांगते, "अगं, हलकं कापड घे, उन्हानं शिजशील." स्वतःची शिवायची वेळ आली तर? घोळ दुप्पट, कमरेचा पट्टा वीतभर जास्त रुंद, आत अंग भरदार दिसावं म्हणून जाड चादरीसारखं कापड गुंडाळलेलं! तुम्हाला सांगते, उभं राहणं सोपं आहे हो, बसणं महाकठीण, आणि त्यातून ते गोमेसीत म्हणजे...

तर आमच्या अंगणात मांडव, मुलाकडची मंडळी आहेराच्या टोपल्या घेऊन हजर, लुबोवा त्यांच्यात मान खाली घालून लपलेला. सेंगानं शोधून काढेपर्यंत त्यानं हलायचं नाही, बोलायचं नाही, रीतच आहे. मी घरातून निघाले, कुबड्या टेकत, एकेक पाय फेकत. काय टाळ्या! काय आरोळ्या! व्हिडिओवाला तर चटईवरच्या कुणा म्हातारीला तुडवून पुढे आला! मी मधोमध उभी. बहिणी माझ्या दोन्ही बाजूंना पटापट गुडघ्यांवर गेल्या आणि पाहुण्यांची विचारपूस सुरू झाली.

मी? मी उभीच!

जाजाचा आवाज मांडवभर, "ही वरून काय बघतेय माझ्याकडे?"

बहीण दात आवळून, "ताई, बस ना!"

"बसता येत नाही गं!"

"काल उभं राहता येत नव्हतं, आज बसता येत नाही?"

"खटका ओढायचाय!"

"मग ओढ ना!"

ओढू कशानं? दोन्ही हातांत कुबड्या, आणि खटका त्या सगळ्या कापडाच्या तळाशी! पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरचं हसू हळूहळू मावळलं, एकानं तर टोपलीला हात घातला, आता उचलून परत गाडीत टाकतोय की काय... माझ्या मिरवण्यापायी माझा लुबोवा जाणार!

तेवढ्यात आमची सेंगा, एवढी मानाची बाई, रांगत आली आणि डोक्यासकट माझ्या गोमेसीत शिरली! आतून आवाज, "कुठाय गं मेला?"... "हा का?"... "हा तर बुटाचा पट्टा!"... आणि खट्! एक खटका निघाला. एकच! एक पाय दुमडला, दुसरा ताठ, कुबडी निसटली आणि मी कलले, सेंगा आतच अडकलेली, बहिणी किंचाळताहेत... आणि पाहुण्यांच्या मागच्या रांगेतून लपवलेला नवरदेव उडी मारून धावत आला! रीत गेली खड्ड्यात! एका हातानं मला सावरलं, सगळ्यांसमोर दोन्ही गुडघे जमिनीवर टेकले, आणि दुसऱ्या हातानं खटका शोधायला लागला. नवरदेव! नवरीपुढे! गुडघ्यांवर!

सगळे जाजाकडे बघताहेत. मी तर एकच डोळा उघडा ठेवला.

म्हातारीनं नातवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "माझ्या नातवाला गुडघे आहेत हे मला आजच कळलं. टेकले ना कुणीतरी? मग वाढा आता, केळ्यांचं मटोके गार होतंय."

संपलं! तेव्हापासून ती गावभर सांगत फिरते, "आमची सून उभी, आमचा पोरगा खाली." आणि मी, लाज नावाची गोष्ट नाही बघा, आज भाचीच्या क्वांजुलाला पुन्हा तीच गोमेसी चढवून आले! तुम्हाला सांगते, उभं राहणं सोपं आहे हो...

आता कळलं ना, खुर्ची का नको ते? खटका ओढणारा तिकडे जेवणाच्या रांगेत शेंगदाण्याच्या रश्शावर तुटून पडलाय. आणि दुसऱ्या कुणाला माझ्या गोमेसीत हात घालू देईन होय मी? तेव्हा एवढंच करा... इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून प्रार्थना केलीत ना, "देवा, नाबाटांझीला उभी कर"? केली हो त्यानं. आता सगळ्यांनी मिळून लुबोवाला एक हाक मारा... म्हणावं, बायकोला बसव!