गोल झाल्यावर

ऑफिसातून घरी निघालेल्या उर्वीला कतारमधल्या लुसैल शहराच्या ट्रॅममध्ये मागच्या सीटवरून अचानक मराठी ऐकू आलं. तिने वळून पाहिलं, एक बाई आणि तिचा तरुण मुलगा बोलत होते. मुलाच्या मांडीवर लॅक्रोस खेळायची काठी होती, टोकाला जाळी असलेली. उर्वीने गाणं बंद केलं, इअरफोन मात्र कानात तसेच ठेवले.

“अमेरिकेत कॉलेजचा स्टार होतास, ब्रायन. आणि आता शाळेत कोच?”

“माझीच जुनी शाळा आहे ना, मम्मी. तिकडे स्वप्नातसुद्धा हेच मैदान दिसायचं. ऊन उतरलेलं, सगळीकडे सोनेरी धूळ, आणि कुंपणाबाहेर गाडीत तू मला बघत बसलेली.”

“बघत कुठली? हॉस्पिटलची डबल ड्युटी करून आलेली असायचे. गाडीत झोपायचे रे मी.”

“ठाऊक होतं मला.”

“ठाऊक होतं?”

“म्हणून तर गोल केला तरी ओरडायचो नाही. तुझी झोप मोडली असती. मग ती सवयच लागली. कॉलेजात फायनल जिंकलो, सगळे नाचत होते आणि मी गप्प उभा. त्यांना वाटायचं, फार गर्विष्ठ आहे हा.”

ट्रॅम वळली. बाहेरचे टॉवर संध्याकाळच्या उजेडात तरंगल्यासारखे दिसत होते. उर्वीचा स्टॉप आला आणि गेला.

“उद्या पहिली प्रॅक्टिस ना?”

“हो. येशील?”

“येईन. आता ड्युटी खलास. पोरांनी गोल केला की ओरड तू.”

“मोठ्याने?”

“गाडीच्या काचा खाली करून बसते मी.”