बेचाळिसाव्या पानावरचा नकाशा

हॅलो? … हो, मामाच बोलतोय. आवाज बसलाय जरा.

हो, मिळालं तुझं पुस्तक. सगळं वाचलं… छान लिहिलंयस. नाही, खरंच. कावळ्याएवढा काळा सुतारपक्षी, नराचं सबंध डोकं लाल, मादीचं मागे थोडंसं… मला इतकं सोपं जमलं नसतं. तीस वर्षं नुसत्या वह्या भरल्या मी.

तुझ्या सत्काराला? … अगं, चार लोकांत मला… नाही, डोळा बरा आहे आता. रागावलो नाही… ऐक ना. बेचाळिसावं पान उघड.

उघडलंस? … तो नकाशा माझाच ना? … हो, हो, खाली आभार मानलेत, पाहिलं मी. गेल्या वर्षी डोळ्याला पट्टी असताना काढला होता. ओढ्याची रेघ वाकडी गेलीय बघ. ऑपरेशनमुळे मला तीन आठवडे जाता येणार नव्हतं, म्हणून दिला तुला. त्या जोडीची ढोली बघून ये आणि नकाशा फाडून टाक, म्हणालो होतो… तू म्हणालीस, फाडला.

… आठवण म्हणून ठेवलास. बरं… हो, मामाचा मान म्हणून छापलास. कळतं मला. पण वहीत आपण जागा कधी लिहिली का? झाडाला आकडा द्यायचा, बस. तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासूनचं आहे हे.

कोण एवढं वाचतंय? … अगं, रविवारी तिघं होते झाडाखाली. एकाच्या हातात तुझं पुस्तक, पान दुमडलेलं. लहानशा स्पीकरवर टकटक वाजवत होते, फोटोसाठी. नराला वाटलं, दुसरा नर घुसला. तासभर त्या आवाजामागे या झाडावरून त्या झाडावर… मादी? ती माणसं बघून आत गेलीच नाही.

मी? … चष्मा पुसत उभा राहिलो.

हो, रात्री नर एकटा बसतो अंड्यांवर. तूच लिहिलंयस, चांगल्या वाक्यात. तो नाही बसला. सोमवारी गेलो, मंगळवारी गेलो. ढोलीत कुणी नाही… अंडी गारच पडली असणार.

रडू नकोस गं… माझंच चुकलं असेल. काढायलाच नको होता नकाशा. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं, असं वाटलं तेव्हा.

हो… हो, ऐकतोय. पायमोजा झटकत होतो, लाकडाचा भुसा टोचतोय… काही नाही, तू बोल.

पुढच्या आवृत्तीत काढशील. बरं.

दुसरी ढोली? … पोखरतात कधीकधी. उंच, वठलेलं झाड मिळालं तर… मला? नाही, दिसली नाही… अगं, दिसली असती तर तुला सांगितलं नसतं का?

आज सकाळी? … घरीच होतो.

भुसा? … तो होय. पुस्तकांच्या फडताळाला कीड लागलीय. खालच्या कप्प्याला… नको, तू येऊ नकोस बघायला… नको म्हटलं ना. मी बघतो माझं.

हो… ठेवतो.