माती दोन, हात दोन

वैजयंती : थांबा आबा, त्या कागदी पेल्याईले हात नका लावू! आधी चष्मा लावा, मग पाहा.

दौलतराव : लावला चष्मा. आता सांग. सकायी सकायी मले गोठ्यातून ओढत आनलं. मले वाटलं, पोरीले नोकरीचा फोन आला.

वैजयंती : त्याच्याहून मोठी गोष्ट आहे. या रांगेत काय दिसते?

दौलतराव : काकडी उगोली. हिरवीगार. ब्येस!

वैजयंती : आणि या रांगेत?

दौलतराव : इथंबी काकडीच हाय, पन पिवयी. दोन पानावर येऊन माना टाकल्या बिचारीनं. पानी कमी पडलं असन.

वैजयंती : पाणी दोन्हीले सारखंच. तुमच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून, रोज. जागा एक, ऊन एक, बी एकाच पुडीतलं, शेणखतही तेवढंच.

दौलतराव : तरीच! इकडं माहा खोकला जात नाई, अन झाकन सापडत नाई.

वैजयंती : झाकण देते नंतर. आधी सांगा, काहून झालं असं?

दौलतराव : उंदीर.

वैजयंती : उंदीर एकच रांग निवडून खाते का, आबा? आणि खाल्लं असतं तर पानं राहिली असती का?

दौलतराव : आपल्या मेडशीचा उंदीर हाय, बाप्पा. त्याचं काई सांगता येत नाई.

वैजयंती : ऐका आता. हिरव्या रांगेत गोठ्यामागची माती आहे. आणि पिवळ्या रांगेत आपल्या वावरातली.

दौलतराव : कोन्या वावरातली?

वैजयंती : विहिरीजवळच्या.

दौलतराव : हॅट! काईच्या काई बोलते. विहिरीपासचं वावर म्हंजे लोनी हाय लोनी! अनसिंगचे पाहुने आले का आधी ती माती मुठीत धरून पाह्यतात, मंग चहा पेतात. अन गोठ्यामागं काय हाय? ढोरं मुततात तथी.

वैजयंती : तेच तर! मलेही तसंच वाटलं होतं. म्हणून तर होळीच्या वेळी मी गच्चीवर भाजी लावली तेव्हा त्याच वावरातून पोती भरून आणली ना. तुमीच म्हणाले होते, माती विकत कायले आणते, आपल्या घरी लोणी आहे.

दौलतराव : मंग? म्हनलो असन.

वैजयंती : मग वांगे गेले, टमाटे गेले, काकडी गेली. आजीच्या बहिणीचं, आवडा आजीचं, वाळकाचं निम्मं बी मी त्याच पोत्यात घातलं, तेही गेलं. बॉटनीची डिग्री घेतली आणि पोरीले एक वांगं लावता आलं नाही म्हणून गल्ली हसली. आणि तुमी काय म्हणाले होते, आठवते?

दौलतराव : आता ते कुठं ध्यानात राह्यते.

वैजयंती : तुमी म्हणाले, “तुले आजीचा हात लागला.”

दौलतराव : मजाक केली होती वं.

वैजयंती : ही मजाक मी फ्रॉक घालत होती तेव्हापासून ऐकून राह्यली. म्हणे, आजीच्या हातानं पेरलेलं बी लागत नाही. पेरणीच्या दिवशी पहिली मूठ घरातल्या मोठ्या बाईनं टाकायची, आणि आपल्या घरी ती कोण टाकते? माझी आई. आजी वावराच्या कडेले धुऱ्यावर उभी, पाण्यानं भरलेला गुंड धरून.

दौलतराव : हे पाह्य, मी उगाच नाई म्हनत. तूच हिशेबी हायेस, तूच सांग. इंझोरीची तिची बहीन, आवडाबाई, तिच्या अंगनात दरसाली वायकं. पिकून फुटले का साऱ्या एसटीत वास सुटे. कंडक्टरच्या हाती पाठवे इकडं. त्याच वायकाचं बी तुही आजी दरसाली वावरात टाके. एक नाई आलं कधी. बी तेच. पाऊस तोच. मंग फरक कशाचा? हाताचाच ना?

वैजयंती : आणि मातीचा!

दौलतराव : आं?

वैजयंती : तुमी प्रयोग बरोबर केला, आबा, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या. इंझोरीले हातही वेगळा आणि मातीही वेगळी. मग दोष हाताचा का मातीचा, कसं समजायचं? म्हणून मी दोन्ही वेगळे करून पाहिले. माती दोन, हात दोन.

दौलतराव : हात दोन म्हंजे? कोनाचे?

वैजयंती : पेले उचला. खाली टिकली चिकटवलेली दिसली तर तो आजीनं पेरला. टिकली नसली तर तुमी.

दौलतराव : म्या? म्या कवा पेरलं?

वैजयंती : तुमी ओट्यावर चहा पिऊन राह्यले होते. मी म्हटलं, आबा, माझ्या हाताले खत लागलं आहे, एवढं बी दाबून द्या. तुमी गप्पा मारत मारत दाबलं.

दौलतराव : म्हंजे मले फसवलं!

वैजयंती : फसवलं नाही. सांगितलं असतं तर तुमी तुमच्या पेल्याईले लपून दोन घोट जास्त पाणी पाजलं असतं. आजीलेही नाही सांगितलं. उचला ना आता!

दौलतराव : थांब, थांब. हिरवा… टिकली. हा हिरवा… टिकली नाई, हा माहा. बंबाट आला! हा हिरवा, पुन्हा टिकली.

वैजयंती : आता पिवळे.

दौलतराव : पिवया… टिकली. पाह्य! पिवया… टिकली. पाह्य, म्या म्हनलं नव्हतं? अन हा पिवया… यालेबी… याची टिकली पडली वाट्टे.

वैजयंती : नाही पडली. तो तुमचा.

दौलतराव : माहा?

वैजयंती : तुमचा हात, तुमचंच लोणी.

दौलतराव : दुसरा दाखव.

वैजयंती : हा घ्या. हाही तुमचा. हाही.

दौलतराव : तू रातून अदलाबदल केली असशीन.

वैजयंती : तुळशीची शपथ, नाही. वाटते तर पुन्हा करू, या खेपेले टिकल्या तुमी लावा.

दौलतराव : पन माती मेली म्हनशीन तं म्या ऐकनार नाई. याच पेल्यात कोपऱ्यात पाह्य, सोयाबीन उगोलं हाय, सांडल्या दान्याचं. कसं तरारून आलं! मेल्या मातीत असं येते का?

वैजयंती : आबा! हेच, हेच मी म्हणणार होती. तुमी आधी पाहिलं! काकडी मरून राह्यली आणि तिच्या बाजूले सोयाबीन तरारून राह्यलं. आता सांगा, विहिरीजवळच्या वावरात तुमी काय काय पेरता?

दौलतराव : सोयाबीन, त्यात तूर. मांगून हरभरा.

वैजयंती : तिघंही शेंगेवाले. एका कुळातले भाऊबंद. आणि सोयाबीनमध्ये जे तणनाशक मारता त्यानं काय होते?

दौलतराव : गवत मरते. सोयाबीनले काई होत नाई.

वैजयंती : ते औषध शेंगेवाल्याईले ओळखते, त्याईले सोडून देते. बाकीच्याईले नाही सोडत. आणि ते फवारलं की लगेच संपत नाही, मातीत बसून राह्यते. त्याले गवत काय आणि काकडी काय, सारखंच.

दौलतराव : अन वायूक?

वैजयंती : वाळूक काकडीचीच बहीण. अगदी शंभर टक्के मी नाही म्हणत, माती तपासायले पाठवावी लागल. पण हा पेला हातात धरून दुसरं काही सुचते का तुमाले?

दौलतराव : बाप्पा रे! म्हंजे इतके वर्स ती पुढं पेरत चालली, अन मी तिच्या मांगून फवारा मारत चाललो.

वैजयंती : हाव.

दौलतराव : अन वरून म्हनो, तुहा हात…

तुळसाबाई : कोनाचा हात? काय गलबला चालवला सकाऊन? चहा थंडा होऊन साय धरली त्याच्यावर.

वैजयंती : आजी, ये, ये! बस अथी. हा पेला धर. बुडाखाली पाहा.

तुळसाबाई : ही तं माही टिकली! तरीच म्हनलं, पाकिटातल्या कमी कमी कशा होऊन राह्यल्या. म्या तुह्या मायवर वहीम घेतला ना वं!

वैजयंती : टिकली म्हणजे तुझा हात. तू पेरलेली काकडी आहे ही. आणि ही आबांची. कोणती चांगली?

तुळसाबाई : ही माही? खरंच माही? हे पाह्य, इवलीशी हाय अन आत्ताच मांडव मांगून राह्यली! यायच्यापेक्षा दोन बोटं वरच हाय.

दौलतराव : दोन बोटं गिटं नाई. सारख्याच हायेत.

तुळसाबाई : अन ह्या पिवया?

दौलतराव : त्याच्यात तुह्या बी हायेत अन माह्या बी. ती वावरातली माती हाय. हात नाई वं, आपला फवारा होता तो.

तुळसाबाई : म्हंजे?

दौलतराव : तुहे वायकं म्याच मारले दरसाली.

तुळसाबाई : म्या म्हनो ना तुमाले! उगोते, दोन पानावर येते, अन जिरून जाते. गवत निंदाले गेली का रोज पाहो मी. उगोतच नसतं तं हाताचं म्हनलं असतं. उगोत होतं ना! तवा तुमी म्हनत, काईबाई सांगते बुढी. आता कागदाच्या पेल्यानं सांगितलं तं पटलं.

दौलतराव : पटलं बा. आता काय कान धरू?

तुळसाबाई : राहू द्या. कान धरून वायूक येत नाई.

वैजयंती : पण येऊ शकते! आजी, चिंधीतलं बी आण. राखेत ठेवलेलं, आवडा आजीचं. गोठ्यामागच्या मातीनं मी तेलाचे दोन डबे भरले, बुडाले भोकं पाडली, सगळं तयार आहे. आत्ताच लावू.

तुळसाबाई : चारच उरले माय. आवडा गेली अन तिच्या अंगनात आता फरशी झाली. हे संपलं तं संपलं.

वैजयंती : चार पुरतात. एक वेल आला तरी एका वाळकात मूठभर बी निघते. पेर तू.

तुळसाबाई : मी नाई. तू पेर.

वैजयंती : आजी! आत्ता तर पाहिलं तू.

तुळसाबाई : काकडीचं पाह्यलं. काकडी काय, पुडी फोडली का दुसरी मियते. हे आवडाचं हाय. माह्या हातानं पेरलं अन नाई आलं तं? डोक्याले समजते वं, पन हात नाई उठत.

वैजयंती : मग मी कशासाठी एवढे पेले मांडले?

तुळसाबाई : लय चांगलं केलं माय. पन इतक्या वर्साचं एका सकायी नाई निंघत. तुह्या आबाले पेरू दे.

दौलतराव : हे घ्या, फोन वाजला. कृषी केंद्राचा रामराव हाय. बोल रामराव… हाव, मिरग जवय आला… औषध? तय्याजवयच्या वावराचं काढून ठेव. विहिरीपासच्याचं नको… नाई, नको म्हनलं ना. निंदून घेऊ… मजूर नाई भेटले तं घरचे निंदू… डोकं ठिकान्यावर हाय बा माहं. आत्ता आलं. ठेव.

वैजयंती : आबा! खरंच?

दौलतराव : तूच म्हनते ना, मातीत बसून राह्यते. तं बसलेल्याले उठाले येळ द्या लागन.

वैजयंती : एका साली नाही उठणार कदाचित. दर साली पेल्यात माती घेऊन काकडी लावून पाहू. हिरवी राहिली की समजायचं.

दौलतराव : पाहू. आता, वैजूची आजी, तू इकडं ये वं. चार बिया हायेत ना? दोन तू लाव, दोन मी लावतो. शेजारी शेजारी डबे. पाहू कोनाचं आधी निंघते.

तुळसाबाई : हाराल.

दौलतराव : हारलो तं पयलं वायूक मी चिरून देईन तुले. फुकट बसून खा.

तुळसाबाई : इतक्या वर्सात कधी चिरलं नाई. बोट कापसान.

वैजयंती : मी टिकली लावते एका डब्याले. आजी, तुझ्या दोन चुकल्या तरी आबांच्या दोन आहेतच. सगळं तुझ्यावर नाही.

तुळसाबाई : आन इकडं. थांब, पदराले हात पुसू दे.

(तुळसाबाई घरातून चिंधी आणते, त्यातल्या दोन बिया दौलतरावांना देते आणि दोन राख झटकून तळहातावर घेते. वैजयंतीला त्या दोन बियांशिवाय आता काहीच दिसत नाही. ती आजीचं बोट मातीत जाताना पाहते.)

दौलतराव : जास्त खोल नको दाबू.

तुळसाबाई : मले शिकवू नका. तुमी तुमचे पाहा, उलटे टाकले असतीन.

वैजयंती : झालं! आजी, झालं! आता पाच-सहा दिवस कोणी माती उकरून पाहायची नाही. आबा, तुमाले सांगून राह्यली.

दौलतराव : मी कायले उकरतो? वैजू, तुह्या मायले सांगून ठेव. या साली पेरनीची मूठ आजी टाकनार हाय.

तुळसाबाई : थांबा ना. हे उगोते का नाई ते तं पाहू द्या.

दौलतराव : उगोलं तरी अन नाई उगोलं तरी. मूठ तुहीच.

तुळसाबाई : …वैजू, ते झाकन कुठं हाय वं? या डब्याईले पानी मोजूनच घालजो.