दोन्हीकडं एकच नाव

सोलापूरच्या रक्तपेढीत माझ्या शेजारी आई-लेक बसल्या होत्या.

“दानेश्वरी, तुझ्या रक्तदाते शोधायच्या वेबसाइटचं काय बिघडलं हुतं?”

“रक्तगटाच्या रकान्याचं लिंकमध्ये नाव ‘गट’, माझ्या कोडमध्ये ‘रक्तगट’. नावं जुळत नव्हती, म्हणून कुठलाही गट शोधला तरी सगळेच रक्तदाते दिसायचे.”

“मग?”

“काल दोन्हीकडं एकच नाव केलं. तेवढ्यात सांगोल्याच्या एका बाळंतिणीसाठी नातेवाइकांनी ओ निगेटिव्ह शोधला, आणि भवानी पेठेतला नेमका माणूस सापडला!”

“बाळंतीण कशी हाय?”

“वाचली की, आई! बाळबी खुशाल हाय.”

“लई झ्याक केलंस गं!”

नर्सनं दारातून हाक मारली, “गिरिजाबाई कोण? रक्त द्यायला या.”

“मी की! वेबसाइट करणाऱ्या दानेश्वरीची आई!”