घड्याळजीच्या खांद्यावरचा हात

जबाब देणाराचे नाव: गल्लीत फ्रेमवाला म्हणतात, तेवढ्यावर टपालसुद्धा येते. वय: अठ्ठावन्न. धंदा: फोटोंना चौकटी करणे व काच कापून देणे. राहणार: पोस्टामागची गल्ली, दुकान खाली, घर वर. धर्म: हा रकाना शेवटी भरू असे मी म्हणालो व हवालदारसाहेबांनी ते ऐकून घेतले.

मी ठाण्यात स्वतःच्या पायांनी आलो आहे, मला कोणी आणलेले नाही. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, गल्लीच्या तोंडावरचा सलोखा विभागाचा बोर्ड फाटला तो माझ्या हातून. काल संध्याकाळी त्या प्रकरणी टेलरमास्तरला आणून बसवले आहे. त्याने फक्त शिडी धरली होती.

माझ्या व घड्याळजीच्या दुकानात एकच भिंत आहे. त्याने त्याच्या बाजूने खिळा ठोकला की माझ्या बाजूची चौकट वाकडी होते. आमची ओळख एकवीस वर्षांची. त्याचा धर्म वेगळा, माझा वेगळा. रोज सकाळी दुकान उघडले की तो भिंतीवर दोनदा टकटक करतो, म्हणजे दोन चहा सांगितले. तीन वर्षांपूर्वी समोरच्या गाळ्यात टेलरमास्तर आला. तो माझ्याच धर्माचा, पस्तिशीचा, बोलायला गोड. तेव्हापासून टकटक तीनदा होऊ लागली. आयत्या बिळावर नागोबा, असे मी त्याच्याबद्दल घरी म्हणालो आहे. दुकानात म्हणालो नाही.

सरकारच्या सलोखा विभागाबद्दल माझी तक्रार नाही. घड्याळजीच्या लोकांना प्रार्थनेला जागा नव्हती, भाड्याच्या खोलीतून त्यांना दोनदा काढले होते. विभागाने जुने गोदाम दुरुस्त करून सभागृह केले आणि दोन्हीकडच्यांना वार ठरवून दिले. ते आत असले की बाहेर त्यांच्या चपला आमच्यापैकी कोणीतरी राखायच्या, आम्ही आत असलो की त्यांच्यापैकी कोणीतरी, अशी पद्धत पडली. ही पद्धत विभागाने लावली नाही, पहिल्या दिवशी घड्याळजी आत जाताना मला म्हणाला, "माझ्या चपलांवर लक्ष ठेव रे, नव्या आहेत," तिथून ती सुरू झाली. हे विभागाच्या पुस्तिकेत छापलेले नाही.

दोन महिन्यांपूर्वी विभागाच्या बाई फोटोग्राफर घेऊन गल्लीत आल्या. 'धर्म दोन, शेजार एक' असा बोर्ड लावायचा होता. घड्याळजीच्या दुकानापुढे आम्ही तिघे उभे राहिलो. घड्याळजी मधे, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला मी, माझा डावा हात घड्याळजीच्या खांद्यावर. फोटो झाल्यावर बाईंनी घड्याळजीला विचारले, "बोर्डावर दोघांचीच जागा आहे. दुसऱ्या धर्माचे शेजारी म्हणून कोणाचं नाव टाकू?" घड्याळजीने मास्तरकडे बोट केले व म्हणाला, "हे आमचे मास्तर." मी त्याच्या शेजारीच होतो. मला वाटले तो आणखी काही बोलेल. बाईंनी मास्तरचे नाव लिहून घेतले.

बोर्ड लागला तेव्हा पाहिले तर मला कापून टाकले होते, पण हात राहिला होता. घड्याळजीच्या खांद्यावर मनगटापासून पुढचा एक हात, त्याला माणूस नाही. गिऱ्हाइके विचारू लागली, हा हात कोणाचा. एकजण म्हणाला, सरकारचा असेल. त्यावर घड्याळजी हसला व मास्तरही हसला. मी काच कापत होतो, ती काच वाया गेली.

पुढे दोघांना शाळाशाळांतून बोलावणी येऊ लागली. विभागाची गाडी न्यायला यायची. खिडकीशी मास्तर बसायचा. ते परत येईपर्यंत दोन्ही दुकानांवर लक्ष मी ठेवायचो. परत आल्यावर शाळेत मास्तर काय बोलला आणि पोरे कशी हसली हे घड्याळजी मला रंगवून सांगायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी घरी एकदा बोललो, तर आमची ही म्हणाली, "ज्याचं पोट दुखेल त्याने ओवा मागावा. जाऊन विचारा त्याला सरळ." मी विचारले नाही. विचारायचे कसे, हे मला आजही सुचत नाही.

घटनेबद्दल सांगतो. काल दुपारी जेवणाच्या वेळी गल्लीची शटरे अर्धी खाली होती. मी माझा एक फोटो मापात कापून घेतला, चिकटवायला सरस कढवला आणि शिडी घेऊन बोर्डाकडे गेलो. त्या हाताला त्याचा माणूस जोडायचा एवढाच उद्देश होता. शिडी हलत होती. कोणीतरी खालून धरली. पाहिले तर मास्तर. तो म्हणाला, "काका, पडाल. काय करताय ते करा, मी धरतो." मला ते आवडले नाही, पण उतरता येत नव्हते.

माझा सगळा जन्म कागदावर गेला. कागदाला सरस कढतच लावतात, गार सरस फोटो सोडतो. बोर्ड कागदाचा नव्हता, प्लास्टिकच्या कापडाचा होता, हे मी शिडीवर चढूनही हात लावून पाहिले नाही. रागात होतो. सरस लागताच कापड आक्रसले व माझा फोटो सरकून घड्याळजीच्या चेहऱ्यावर बसला. मी माझा फोटो घाईने ओढला, तर त्याच्याबरोबर घड्याळजीचा चेहरा निघून आला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मास्तरचा चेहरा जसाच्या तसा राहिला. तो तर सरसानेही सोडला. मी खाली आलो. मास्तरने माझ्या हातातले सरसाचे भांडे घेतले व म्हणाला, "घरी जा काका. कोणाला सांगू नका." मी गेलो. तो चेहरा रुमालात गुंडाळून आज हजर केला आहे.

संध्याकाळी बोर्डाखाली दोन्हीकडची माणसे जमली. एकाचा चेहरा ओरबाडला आणि दुसऱ्याचा शाबूत ठेवला, याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला. बोर्डासमोरच्या डेअरीवाल्याने शिडीखाली मास्तरला पाहिले होते. वर कोण होते ते डेअरीपुढच्या ताडपत्रीआड दिसले नाही. पोलीस मास्तरला घेऊन गेले. शिडीवर कोण होते असे त्याला गल्लीतच विचारले, तो एवढेच म्हणाला, "शिडी मी धरली होती." मी वरच्या खिडकीत उभा होतो. खाली उतरलो नाही.

आज सकाळी भिंतीवर टकटक झाली नाही. मी थांबलो. मग जाऊन पाहिले तर घड्याळजी भिंतीवरची घड्याळे उतरवून खोक्यात भरत होता. त्याचा मेहुणा म्हणत होता, "आज बोर्डावरचा चेहरा, उद्या दुकान. आपल्या लोकांत चल." घड्याळजी खोके भरतच राहिला. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाला, "तुझ्या दुकानात लावलेलं माझं लंबकाचं घड्याळ तुलाच राहू दे." मी तिथून सरळ ठाण्यात आलो.

धार्मिक द्वेषातून केले का, असे साहेबांनी विचारले. नाही. द्वेष होता, पण तो मास्तरबद्दल, आणि मास्तर माझ्याच धर्माचा आहे. साहेब म्हणाले, मास्तरला वाचवायला हे सांगत नाही कशावरून? मी म्हणालो, मास्तरला वाचवायला मी पोस्टापर्यंतही चालत गेलो नसतो.

ओळख पटवण्यासाठी घड्याळजीला बोलावून घेतले. बोर्डाचे कापड टेबलावर पसरले होते. काच कापताना माझी डावी करंगळी पेरातून तिरकी झालेली आहे, ती फोटोतही तिरकी दिसते. घड्याळजीने वाकून पाहिलेही नाही. लांबूनच म्हणाला, "याचाच हात." मी आणलेला तुकडा त्याने पाहिला व म्हणाला, "एवढं सगळं केलंस, मला विचारायचं तरी."

तेव्हा मी साहेबांसमोर विचारले, ते जबाबात घ्यावे असा माझा आग्रह आहे. मी म्हणालो, "बाईंनी विचारलं तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?"

तो म्हणाला, "बाईंनी दुसऱ्या धर्माचा शेजारी विचारला. मी इकडेतिकडे पाहिलं, मास्तर दिसला. तू आठवलाच नाहीस."

"तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"होतास. पण तसा नाही आठवलास," तो म्हणाला. "आता डोकं नको खाऊस. मास्तरला सोडवू आणि चहा घेऊ. सकाळपासून घेतला नाही."

यावर मला काय वाटले हे हवालदारसाहेबांनी विचारले नाही, म्हणून सांगत नाही. थोडा वेळ लिहिणे थांबवून त्यांनी मला पाणी दिले.

मास्तरला समोर आणले. तो म्हणाला, "काका, शिडी तुमच्या जिन्याखाली ठेवलीय." इथेही तोच चांगला ठरला, याचा मला आता बोलतानाही त्रास होत आहे. नव्या बोर्डाचा खर्च मी देईन. नव्या बोर्डावर कोणाला घ्यायचे ते विभागाने ठरवावे. दोघांचीच जागा असेल तर ते दोघे राहू देत. हात मात्र कापू नये.

लिहिलेले सगळे मला सावकाश वाचून दाखवले. दोन ठिकाणी मी बदल करून घेतला. 'भिन्नधर्मीय मित्र घड्याळजी' असे लिहिले होते, त्यातला पहिला शब्द खोडायला लावला. गुन्ह्याच्या कारणापुढे 'धार्मिक' लिहिले होते, तिथे 'मत्सर' लिहून घेतले. धर्माचा रकाना आता भरला तरी हरकत नाही. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे व खरा आहे. मी डावखुरा आहे, म्हणून खाली सही त्याच हाताने करत आहे.