शुक्रवारचा राहुकाळ

माझा जन्म चामराजपेटचा. वडलांचं मार्केटजवळ शिवणकामाचं दुकान, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, म्हणून माझी मराठी तुम्हाला स्वल्प वेगळी लागेल, सांभाळून घ्या. सुईदोरा लहानपणापासून बघितलेला, नर्सिंग करून मी ऑपरेशन थिएटरात सिस्टर झाले आणि तिथंच केस पांढरे झाले, लग्नबिग्न राहूनच गेलं, ते जाऊ द्या.

तर आमच्या धर्मादाय इस्पितळात दरवर्षी परदेशातले सर्जन यायचे, आठवडाभर, फाटलेल्या ओठांची, टाळूची पोरं शिवायला. हात सोन्याचे हो त्यांचे, खोटं कशाला बोलू. भुलीचं मशीनसुद्धा त्यांनीच दिलेलं. पण काय सांगू तुम्हाला, पाहुणे जायचे आणि टाके आमच्यापाशी राहायचे. एका वर्षी एका पोराची टाळू उसवली, रक्त थांबेना, तेव्हा हे विमानात, आणि आमचे डॉक्टर मूर्ती एकटे त्या पोराच्या तोंडात बोळा दाबून उभे. पोर वाचलं, पण डॉक्टरांनी धसका घेतला. पाहुण्यांना काही बोलायचं म्हटलं की ट्रस्टी डोळे वटारायचे, मशीन कुणी दिलं म्हणून विचारायचे.

पुढच्या वर्षी येलहंक्याहून गौरम्मा आली, कडेवर तिची पुट्टी, एवढीशी पोर, टाळूला हे मोठं भगदाड, दूध नाकातून यायचं, अंगात रक्त कमी. मूर्ती डॉक्टर म्हणाले, आधी हिला खाऊपिऊ घालू, मग मी करतो. पण पाहुण्यांबरोबर एक शिकाऊ डॉक्टर आलेला, त्याला टाळूची केस मिळाली नव्हती, तर मोठे पाहुणे म्हणाले, शुक्रवारी अकराला घेऊ, विमान रात्री आहे. मूर्ती डॉक्टरांनी सांगून पाहिलं, रक्त कमी आहे, नंतर तुम्ही नसाल. ते हसून म्हणाले, तुम्ही आहात की. गौरम्माला विचारायला मला पाठवलं, तर ती म्हणाली, एवढे लांबून आलेत, नको कसं म्हणू अक्का, सरी, बरं म्हणून सांगा. डोळ्यांत मात्र भीती. माझा जीव नुसता टांगणीला.

शुक्रवारी सगळी तयारी झाली, पुट्टीला आत घ्यायचं, आणि मूर्ती डॉक्टर एकाएकी म्हणाले, आता राहुकाळ आहे, बारापर्यंत आम्ही लेकराला सुरी लावत नाही. अय्यो, मी बघतच राहिले! हा माणूस दर शुक्रवारी त्याच वेळेला हर्निया कापायचा, देवाला हात जोडताना त्याला कुणी बघितलेलं नाही. मी आपली हो हो म्हणून जोरात मान हलवली. आणि बाराला निरोपाचा समारंभ, म्हैसूर पेटे, म्हणजे फेटे, चंदनाचे हार, मंत्री येणार, तो काही हलणार नव्हता, आणि तो आटोपून विमानतळ गाठायचं, म्हणजे ऑपरेशन राहिलंच. मोठे पाहुणे लगेच हातमोजे काढून म्हणाले, तुमच्या श्रद्धेचा मान ठेवलाच पाहिजे. बघा की हो, रक्त कमी आहे ते ऐकलं नाही आणि राहू ऐकला! मला हसू पण येत होतं आणि राग पण.

हार घालून झाल्यावर मूर्ती डॉक्टरांनाच राहवेना. डोक्यावर पेटा तसाच, त्यांनी पाहुण्यांना बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं, त्या उसवलेल्या पोराचंसुद्धा सांगितलं. मी कॉफीचा ट्रे धरून शेजारीच. पाहुण्यांनी डोक्यावरचा पेटा काढून हातात घेतला. मग म्हणाले, हे मला कुणी कळवलंच नाही. कळवणार कोण, पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून ट्रस्टी दरवर्षी फक्त हसऱ्या पोरांचे फोटो पाठवायचे.

त्यानंतर रीतच बदलली. शेवटच्या दिवसांत मोठं ऑपरेशन नाही, आणि त्यांच्यातला एक जण जखमा भरेपर्यंत इथंच राहायचा. पोरं कुठली घ्यायची ते मूर्ती डॉक्टर ठरवायचे. पुट्टी चांगली गुटगुटीत झाल्यावर तिची टाळू त्यांनीच शिवली, सुई मी हातात दिली. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर अन्न-सारू, आपला सार-भात, जेवले आणि गाढ झोपले.

आता ती शाळेत जाते. जिला क म्हणता यायचा नाही, नाकातून नुसता वारा जायचा, ती परवा दारातूनच ओरडली, अक्का! मी म्हटलं, परत म्हण. ती म्हणाली. मी म्हटलं, अजून एकदा. तर वैतागून म्हणते कशी, अक्का, तुला ऐकू येत नाही का? येतं गं बाळा, सगळं ऐकू येतं. देव तुझं तोंड असंच चालू ठेवो.